सहलीत नौकेत बसण्याआधी काय तपासावे, आणि अपघात झालाच तर काय करावे?

सहलप्रमुख_पुणे

नमस्कार मंडळी.

आमच्या सोसायटीतील काही कुटुंबे नाताळच्या सुट्टीत मालवणला जाणार आहेत. लहानथोर मिळून तीसेक माणसे होतील. त्यांत सत्तरी ओलांडलेले चार ज्येष्ठ आणि दहा वर्षांखालील सात मुले आहेत. सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली-देवबागकडे कर्लीच्या खाडीतील नौकाविहार आणि तरुण मंडळींसाठी स्कुबा डायव्हिंग, असे तीन प्रसंगी आम्ही पाण्यावर असू. सगळी व्यवस्था माझ्याकडे असल्यामुळे हा धागा काढत आहे.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची वेगवान बोट धडकली आणि १५ जणांचे प्राण गेले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्याआधी, २४ मे २०२२ रोजी, खुद्द तारकर्लीलाच स्कुबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला होता. त्यामुळे आमच्या बैठकीत तीन तट पडले. काहींच्या मते पाण्यावरचे सगळे कार्यक्रम रद्द करावेत. काहींच्या मते परवाने तपासणे हे सरकारचे काम असून आपण तिकीट काढून निमूटपणे बसावे. आणि नियमित पोहणाऱ्या दोघा-तिघांचे म्हणणे असे की, ज्याला पोहता येते त्याला लाइफ जॅकेटची गरज नाही.

माझा प्रश्न असा आहे की, तांत्रिक ज्ञान नसलेल्या माणसाला धक्क्यावर उभे राहून पाच-दहा मिनिटांत काय पाहता येईल, कोणत्या परिस्थितीत ‘आम्ही बसणार नाही’ असे स्पष्टपणे सांगावे, आणि दुर्दैवाने कोणी पाण्यात पडलेच तर पहिल्या काही मिनिटांत काय करावे? ‘काळजी घ्या’ यापलीकडचे उत्तर मिळाल्यास आभारी राहीन.

जुना_जहाजी

माझी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, आणि निवृत्तीनंतर लहान नौकांच्या तपासणीशीही संबंध आला. परवाने तपासणे हे सरकारचे काम आहे, या म्हणण्याशी मी निम्मा सहमत आहे. आपल्या किनाऱ्यावर आणि खाड्यांत प्रवासी नौकांची नोंदणी, सर्वेक्षण आणि परवाने हे विषय महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहेत; नद्या आणि इतर अंतर्गत जलमार्गांसाठी १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला; राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१७ मध्ये नौका सुरक्षेच्या सविस्तर मार्गदर्शक सूचनाही काढल्या. कागदावर उणीव फारशी नाही. परंतु सर्वेक्षण होते ते ठरावीक मुदतीने, आणि नौकेत किती माणसे चढतात हे ठरते ते त्या दिवशी, त्या घटकेला. ते पाहायला तिथे फक्त तुम्ही असता.

लहान नौकांचे मोठे अपघात बहुतेक वेळा तळाला भोक पडून होत नाहीत, नौका कलंडून होतात. कलंडण्याची कारणे तीन आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेली असतात : माणसे जास्त, माणसे उंचावर, आणि माणसे एका बाजूला. ३० सप्टेंबर २००९ रोजी थेक्कडीच्या जलाशयात केरळच्या पर्यटन महामंडळाची ‘जलकन्यका’ ही दुमजली बोट उलटून ४५ जण दगावले. वन्यप्राणी पाहण्यासाठी प्रवासी एका अंगाला झुकले असे तेव्हा सांगितले गेले, मात्र त्याचबरोबर बोटीच्या मूळ स्थैर्याविषयीही गंभीर प्रश्न उभे राहिले. ७ मे २०२३ रोजी त्याच राज्यात तानूर येथे संध्याकाळच्या वेळी २२ जणांचा बळी गेला. ती बोट मासेमारीच्या होडीत फेरफार करून, वर मजला चढवून पर्यटनासाठी वापरात आणलेली होती. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीला आलेले १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या, तेव्हाही क्षमतेपेक्षा जास्त मुले चढवलेली होती आणि सर्वांच्या अंगावर जॅकेट नव्हते. तलाव शांत होता, आणि किनाराही फार लांब नव्हता.

म्हणून धक्क्यावर पहिली गोष्ट पाहायची ती नौकेवर रंगवलेला नोंदणी क्रमांक आणि प्रवासी क्षमतेचा आकडा. तो आकडा दिसत नसेल तर विचारावा. क्षमता खलाशी धरून आहे की सोडून, हेही विचारावे. लहान मूल मांडीवर बसले म्हणून मोजायचे नाही, ही आपल्याकडची एसटीतील सवय पाण्यावर चालत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे माणसे बसल्यानंतर नौकेचा काठ पाण्यापासून किती वर राहतो ते. हात खाली सोडल्यावर सहज पाण्याला बोटे लागत असतील, तर बाहेरच्या पाण्यातील एखादी मध्यम लाटही आत येऊ शकते. तिसरी गोष्ट, तळातील फळ्यांखाली पाणी साचले आहे का. घोटाभर पाणी किरकोळ वाटते. पण अर्धी भरलेली परात हातात घेऊन चालून पाहा, परात ज्या बाजूला कलते त्याच बाजूला सगळे पाणी धावते आणि ती आणखी कलते. नौकेच्या पोटातले सुटे पाणी हेच करते. ते उपसून टाकल्याशिवाय निघायचे नाही.

जॅकेट हातात घेऊन पाहावे. बाकावर उशीसारखी वापरून आतला फोम दबून पातळ झालेली, बंद तुटून सुतळीने बांधलेली, उन्हाने कापड विटून विरलेली जॅकेटे केवळ संख्या भरण्यासाठी असतात. बंद लावल्यावर दोन्ही खांद्यांना धरून वर उचलावे. जॅकेट कानापर्यंत सरकत असेल तर ते पाण्यातही तसेच सरकेल आणि माणूस त्यातून खाली निसटेल. मुलांचे जॅकेट वजनाप्रमाणे निवडायचे असते आणि त्याला दोन्ही पायांच्या मधून जाणारा पट्टा असावा लागतो. मोठ्यांचे जॅकेट मुलाला घट्ट आवळून बांधणे हा उपाय नव्हे.

एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. फोमचे जॅकेट घालून बंद केबिनमध्ये किंवा खालच्या मजल्यावर बसणे धोक्याचे ठरू शकते. नौका उलटली की जॅकेट तुम्हाला वर, म्हणजे उलट्या झालेल्या तळाकडे, दाबून धरते आणि पाण्याखालचा दरवाजा गाठता येत नाही. म्हणून जॅकेट घालावे आणि उघड्या भागात, बाहेर पडण्याच्या वाटेजवळ बसावे. ज्येष्ठांना सावलीसाठी आत बसवण्याचा मोह आवरावा आणि टोप्या न्याव्यात.

नकार कधी द्यावा? क्षमतेच्या आकड्याहून एकही माणूस जास्त असेल, प्रत्येकासाठी धड जॅकेट नसेल, किंवा तांडेल, म्हणजे नौका चालवणारा, मद्य प्यायलेला वाटत असेल, तर चर्चा करू नये. तीस जणांचा एक गट म्हणजे एकच नौका, असे काही नसते. दोन नौका करा, किंवा दोन फेऱ्या करा.

वायरीकर

जुने जहाजी यांनी नौकेबद्दल सांगितले, मी पाण्याबद्दल सांगतो.

आमच्याकडे पहाटे मतलई वारा असतो, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे, आणि पाणी बहुधा सपाट असते. ऊन चढले की वारा फिरतो आणि दुपारनंतर खारा वारा जोर धरतो. म्हणून किल्ला सकाळी लवकर उरकावा. परतीची वेळ चारची ठरवून दीड वाजता जेवायला बसणारी मंडळी येताना भिजतात आणि घाबरतात, आणि घाबरलेली माणसे उठून उभी राहतात. भरती-ओहोटीच्या वेळा आदल्या दिवशी कोणत्याही मच्छीमाराला विचाराव्यात. उंच लाटांचा इशारा हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेकडून येतो. आकाश निरभ्र असतानाही दूरच्या वादळाची लाट किनाऱ्याला येऊन धडकते, त्यामुळे केवळ ऊन पडले आहे म्हणून निश्चिंत राहू नये.

देवबागला कर्ली समुद्राला मिळते त्या तोंडावर वाळूचा दांडा आहे. ओहोटीचे पाणी बाहेर धावत असते आणि समोरून लाट येत असते, तेव्हा तिथे लाटा उंच आणि उभ्या चढतात. खाडीत आतल्या बाजूला फिरा, हवे तितके फिरा. पण ‘जरा संगमाच्या पुढे घेऊन चला’ असा आग्रह धरू नका. तांडेल नाही म्हणाला तर त्याला शंभर-दोनशे रुपये जास्त देऊन वळवणारे पर्यटक मला त्या निष्काळजी तांडेलाइतकेच दोषी वाटतात. पावसाळ्यात ३१ ऑगस्टपर्यंत जलपर्यटन बंद असते; तेव्हाही ‘कोणी ओळखीचा आहे का’ असे फोन येतात.

सर्वांत जास्त दुखापती होतात त्या चढता-उतरताना. नौका वरखाली होत असते. खलाशाने पुढे केलेला हात पंजाने न धरता मनगटाच्या वर धरावा, त्यालाही तुमचे मनगट धरू द्यावे, आणि नौका लाटेवर वर आली की पाऊल टाकावे. उडी मारू नये. नौका आणि धक्का यांच्यामध्ये हातपाय किंवा बोटे कधीही ठेवू नयेत, नौका थोपवण्यासाठी तर नाहीच. ज्येष्ठांची पाळी शेवटी ठेवा, म्हणजे मागून ढकलाढकली होत नाही. हातात मोबाईल किंवा पिशवी नको. दोन्ही हात मोकळे हवेत. आणि साडीचा पदर किंवा ओढणी असेल तर ती जॅकेटच्या आत खोचलेली बरी.

बनाना राइडवर मजा म्हणून शेवटी मुद्दाम पाण्यात पाडतात. पोहता न येणाऱ्यांनी आधीच ‘आम्हाला पाडायचे नाही’ असे बजावून सांगावे. चष्मा घालणाऱ्यांनीही.

सहलप्रमुख_पुणे

दोघांचेही मनःपूर्वक आभार. क्षमता, काठाची उंची आणि सकाळची वेळ हे मुद्दे बैठकीत जसेच्या तसे मांडेन. दोन गोष्टींवर अजून मार्गदर्शन हवे आहे. पोहणाऱ्या सभासदांना जॅकेटबद्दल पटेल असे काय सांगावे? आणि बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर नेमके काय करायचे? आमच्या एका काकांच्या मते पालथे घालून पोटातले पाणी काढणे हा पहिला उपचार आहे.

भूलतज्ज्ञ

काकांचा सल्ला जुना आहे आणि तो घातक आहे. गावोगावी माणसाला मडक्यावर पालथे घालणे, पाय धरून उलटे लटकवणे, खांद्यावर घेऊन गरगर फिरवणे असे प्रकार अजून चालतात. मिठाच्या ढिगाऱ्यात पुरून ठेवले की बुडालेला जिवंत होतो, असा संदेश तर फोनवर फिरत असतो. बुडालेल्याचा जीव जातो तो पोटातल्या पाण्यामुळे नव्हे, मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू न मिळाल्यामुळे. पोट दाबले की पोटातले पाणी आणि अन्न घशाशी येते आणि श्वासनलिकेत उतरते. शिवाय तेवढी मोलाची मिनिटे हातची जातात.

बाहेर काढल्यावर माणूस हाक मारून, हलवून प्रतिसाद देत नसेल तर त्याला कठीण जागेवर उताणा झोपवून, डोके थोडे मागे करून हनुवटी उचलावी आणि दहा सेकंदांत श्वास पाहावा. श्वास नसेल, किंवा अधूनमधून आचके दिल्यासारखा येत असेल, तर नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यावा. हृदयविकाराने हृदय बंद पडले तर थेट छातीवर दाब देण्यास सांगतात. बुडण्याच्या बाबतीत आधी श्वास महत्त्वाचा, कारण मूळ कमतरता प्राणवायूची आहे. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांत सुरुवातीला पाच श्वास सांगितले आहेत. त्यानंतर छातीच्या मध्यभागी ३० दाब आणि २ श्वास, असे चक्र चालू ठेवावे; दाबाचा वेग मिनिटाला १०० ते १२०, आणि प्रौढांत छाती पाच-सहा सेंटीमीटर खाली जाईल इतका जोर. लहान मुलांत छातीच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश. तोंडातून फेस येतो, तो पुसत बसू नये. उलटी झाली तर डोके आणि अंग एकदम कुशीवर वळवून तोंड साफ करावे आणि पुन्हा सुरू करावे. रुग्णवाहिका येईपर्यंत थांबू नये. थकल्यास माणूस बदलावा.

माणूस शुद्धीवर आला, बोलू लागला, चहा मागू लागला, तरी रुग्णालयात न्यायलाच हवे. पाणी फुप्फुसांत गेलेल्यांची तब्येत काही तासांनी बिघडू शकते. खोकला, धाप किंवा विलक्षण सुस्ती दिसली तर ‘दमला असेल’ म्हणून झोपवू नये.

आता बुडणे ओळखण्याविषयी. खरोखर बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, कारण ओरडायला श्वास लागतो आणि त्याला तोच मिळत नसतो. तो पाण्यात उभा असतो, तोंड पाण्याच्या पातळीला येते आणि जाते, हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत असतो, पाय मारताना दिसत नाही. हे सारे मिनिटभराच्या आत संपते. मुलांच्या बाबतीत तर ती पाण्यात खेळत आहेत असेच वाटते. मुलांचा आवाज अचानक थांबला की लगेच तिकडे पाहा.

आणि वाचवायला लगेच उडी मारू नका. घाबरलेला माणूस हाताला लागेल त्याला खाली दाबून स्वतः वर येऊ पाहतो. एकाच्या पाठोपाठ वाचवायला गेलेले दोघे-तिघे बुडाल्याच्या बातम्या आपल्याकडे दर पावसाळ्यात येतात. आधी काठी, वल्हे किंवा पिळलेली ओढणी पुढे करावी. पोहोचत नसेल तर तरंगणारे काही फेकावे : बोया, जास्तीचे जॅकेट, झाकण घट्ट लावलेला पाण्याचा रिकामा कॅन. नौका जवळ नेताना माणूस जवळ आला की इंजिन बंद करायला सांगावे, कारण फिरत्या पंख्याची जखम बुडण्याइतकीच जीवघेणी असते. एका माणसाने दुसरे काहीही न करता फक्त पडलेल्याकडे बोट दाखवत राहावे. लाटांत डोके एकदा नजरेआड झाले की पुन्हा सापडणे कठीण असते.

नौका उलटली आणि ती तरंगत असेल तर तिला धरून राहावे, किनारा जवळ दिसला तरी सोडू नये. पाण्यावरून अंतर फसवे वाटते, आणि शोधणाऱ्यांना एकट्या डोक्यापेक्षा उलटी नौका लवकर दिसते.

मिशिगनकर

पोहणाऱ्या मित्रांसाठी आकडे देतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या नोंदींनुसार २०२३ मध्ये इथे हौशी नौकाविहारात ५६४ जणांचा मृत्यू झाला. ज्यांच्या मृत्यूचे कारण कळले त्यांपैकी ७५ टक्के बुडून गेले, आणि बुडालेल्यांपैकी जॅकेटची नोंद उपलब्ध असलेल्यांत ८७ टक्क्यांच्या अंगावर ते नव्हते. यांतील पुष्कळांना पोहता येत असणार. तलावातील पोहणे आणि कपडे-बूट घालून, डोक्याला मार लागलेल्या अवस्थेत, डिझेल मिसळलेल्या पाण्यात, कोणीतरी गळ्याला मिठी मारलेली असताना पोहणे या वेगळ्या गोष्टी आहेत. जॅकेट बेशुद्ध माणसासाठी असते. आणि बेशुद्ध व्हायचे की नाही हे पोहण्याच्या सरावावर ठरत नाही. त्यातही केवळ सराईत पोहणाऱ्यांसाठीची हलकी जॅकेटे असतात, ती बेशुद्धाचे तोंड वर ठेवण्याची हमी देत नाहीत. गळ्यामागे कॉलर असलेले जॅकेट मागावे.

इथल्या सरोवरांत थंड पाण्याचा धोका मोठा आहे, पहिल्याच मिनिटात माणूस धाप लागून पाणी गिळतो. कोकणात तो प्रश्न नाही. मात्र इथली एक पद्धत तुम्हाला उपयोगी पडेल. स्पीडबोट किंवा जेट स्की चालवणाऱ्याच्या मनगटाला अगर जॅकेटला एक दोरी अडकवलेली असते; तो फेकला गेला की दोरी निघते आणि इंजिन बंद पडते. १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालील बहुतेक मोटरबोटींवर ती वापरणे इथे सक्तीचे आहे. तारकर्लीला तुमची मुले जेट स्कीवर बसणार असतील तर चालकाने ती दोरी अडकवली आहे का, ते पाहा. दोरी तिथेच लटकत असते, फक्त अडकवलेली नसते.

किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणाकडे तरी कोण कोणत्या नौकेत बसले, किती वाजता निघाले आणि किती वाजता परतणार, हे लिहून ठेवावे. ठरलेल्या वेळेनंतर अर्ध्या तासात फोन लागला नाही तर त्या व्यक्तीने वाट न पाहता कळवायचे.

जुना_जहाजी

कळवायचे कुठे, तेही लिहून ठेवा. समुद्रातील शोध आणि बचावासाठी भारतीय तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, सागरी पोलिसांचा १०९३, सर्वसाधारण आणीबाणीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. हे फोनमध्ये साठवाच, पण एक प्रत कागदावर, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. ‘नीलकमल’च्या वेळीही सर्वांत आधी पोहोचल्या त्या आसपासच्या नौका, त्यामुळे निघण्यापूर्वी तांडेलाचा आणि धक्क्यावरील एका माणसाचा, असे दोन मोबाईल क्रमांक घ्यायला विसरू नका.

सहलप्रमुख_पुणे

दोन नौका करायचे नक्की केले आहे, आणि प्रत्येक नौकेत मोजणी करणारा एक माणूस नेमला आहे. किल्ला सकाळी पहिल्या फेरीला. पोहणारे मित्र आकडे वाचून गप्प झाले आहेत, निदान तूर्त. मुलांच्या मापाची जॅकेटे मालवणला नक्की मिळतील का, की इथूनच न्यावीत?

वायरीकर

मोठ्यांची मिळतील. चार-पाच वर्षांच्या मुलांच्या मापाची पुरेशी असतीलच असे मी खात्रीने सांगणार नाही, आणि सुट्टीच्या गर्दीत तर नाहीच. सात मुलांची वजने लिहून घ्या आणि पुण्यातूनच घेऊन या. सोसायटीत किंवा जवळपास तरणतलाव असेल तर निघण्यापूर्वी एकदा मुलांना जॅकेट घालून त्यात सोडा. जॅकेट वर सरकते का, तोंड पाण्याबाहेर राहते का, हे कंबरभर पाण्यात कळेल. आणि जॅकेटने पाण्यात उचलल्यासारखे वाटते तेव्हा मुले पहिल्यांदा दचकतात, ते दचकणेही तिथेच होऊन जाईल. शिटी प्रत्येक जॅकेटला दोरीने बांधा. वाटेत मुले ती वाजवून तुम्हाला हैराण करतील, त्याला इलाज नाही.